खालच्या पट्टीतला आवाज

दुकानात साबणांच्या फळीपाशी उभी असताना तिला नवऱ्याचा आवाज ऐकू आला. "आलीस? बस. आधी काही बोलू नकोस." तिनं मागं वळूनही पाहिलं. मागं धुण्याच्या पावडरीचे डबे रचलेले होते आणि त्यांच्यापलीकडं कुणीतरी अंडी मोजत होतं. मग तिच्या लक्षात आलं की आवाज छतातल्या स्पीकरच्या जाळीतून येतोय. त्याच्यामागून कुणीतरी अंग टाकल्यासारखा एक मऊ, दबका आवाज आला, आणि मग एका बाईनं लाडिकपणे गादीच्या कंपनीचं नाव घेतलं. नवरा असा कुठंही भेटायचा, त्याची तिला सवय होती. बँकेच्या रांगेत तो रंगाबद्दल सांगे, टॅक्सीत खोकल्याच्या औषधाबद्दल. एकदा दाताच्या डॉक्टरकडे ती तोंड उघडून पडली होती आणि बाहेरच्या टीव्हीवर तो सिमेंटची हमी देत होता. ते सगळे त्याच्या धंद्याचे आवाज होते, कपाटात टांगलेल्या शर्टांसारखे. कुठला कधी घालायचा हे ठरलेलं. पण हा आवाज कपाटातला नव्हता. हा त्यानं एकदाच, तिच्यासाठी काढला होता, वडील गेले त्या दिवशी ती घरी परतली तेव्हा. दार त्यानंच उघडलं होतं. ती काहीतरी बोलायला गेली आणि तो म्हणाला होता, आलीस, बस, आधी काही बोलू नकोस. असंच, ह्याच क्रमानं, 'बस'नंतर असाच किंचित थांबून. त्यानंतर कितीतरी दिवस तिनं ते वाक्य अंगावर पांघरूण घ्यावं तसं घेतलं होतं. आणि आता शेजारी शाम्पूची बाटली हातात धरून उभी असलेली एक दमलेली, घामेजलेली बाई मान वर करून जाळीकडं बघत होती. डोळे अर्धवट मिटलेले. तिच्या तोंडावर असं काही सुख पसरलं होतं, जणू खरोखरच कुणीतरी तिला बसायला सांगितलंय. "छान आहे नाही आवाज?" ती बाई अनोळखी माणसाशी बोलतात तसं हसून म्हणाली. "असं कुणी म्हणत नाही हो घरी." त्या बाईच्या हातातली बाटली हिसकावून घ्यावी असं तिला वाटलं. ती नुसतं "हं" म्हणाली आणि साबण न घेताच बाहेर पडली.

रस्त्यावरून चालताना तिला स्वतःचंच हसू यायला हवं होतं, कारण दुसऱ्यांना वापरायला देणं हेच तर तिचं पोटापाण्याचं काम होतं. तिच्या कंपनीकडे एक ससा होता. चित्रातला, वाकड्या कानाचा. कंपनी स्वतः काहीच बनवत नसे. दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, उशांचे अभ्रे दुसरे लोक बनवत आणि त्यांवर ससा छापायचा परवाना ह्यांच्याकडून घेत. सशाचा कान नको तितका वाकलाय का, गुलाबी रंग मांसासारखा दिसतोय का, हे ती बघायची. काडेपेटीवर ससा जाणार नाही, औषधावर जाणार नाही. "साहेब, ससा आमचाच राहतो," हे ती दिवसभर फोनवर कुणाला ना कुणाला समजावत असे. "तुम्हाला तो फक्त वापरायला दिलाय. ठरलेल्या वस्तूवर, ठरलेल्या मुदतीपुरता." नवरा तिला भेटला तोही ह्या सशापायीच. पोट दाबलं की बोलणारं एक खेळणं निघणार होतं आणि सशाचा आवाज तिनं मंजूर करायचा होता. काचेपलीकडं एक किरकोळ माणूस कानांवर हेडफोन चढवून उभा होता आणि ती एकामागून एक नमुने नाकारत होती. शेवटी तो दार उघडून बाहेर आला आणि म्हणाला, "बाई, ह्या सशाला नक्की काय दुखतंय ते एकदा सांगा, म्हणजे मी तसा विव्हळतो." ती खोखो हसली होती. पुढचा नमुना तिनं नीट ऐकलाही नाही, मंजूर करून टाकला. त्या काळी तो खूप बोलायचा. बसथांब्यावर उभ्याउभ्या शेजारच्या माणसांचे आवाज काढून तिला हसवायचा. मग कामं वाढली तसा तो गळा जपायला लागला. घरी आला की गरम पाणी प्यायचा आणि मानेनं हो-नाही करायचा. त्याची आई, म्हणजे तिच्या सासूबाई, कानानं कमी झाल्या होत्या. त्या टीव्हीचा आवाज वाढवून मुलाच्या जाहिरातीची वाट बघत बसायच्या. "घरात बोलत नाही, टीव्हीत बोलतो," त्या सुनेला म्हणायच्या. "बरं, टीव्हीतल्याला उलट विचारायची सोय नाही." ती हसायची. तिला त्याचं काही वाटत नसे, कारण तिच्यापाशी ते एक वाक्य होतं. दुसऱ्यांना ढिगानं मिळत असेल, पण वापरलेलं. तिचं एकच, पण कोरं. आज कळलं की तेही कोरं राहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ती त्याला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मनात मात्र ती बाई, शाम्पूवाली, ठाण मांडून बसली. ती बाई आता घरी जात असेल, दार उघडत असेल, आणि आत कुणी नसतानाही तिला तो ऐकू येत असेल. तशा कितीजणी? बाकीच्या बायकांचे नवरे बाहेर जातात तेव्हा निदान एकीकडेच जातात, असा एक विचित्र विचार तिच्या डोक्यात येऊन गेला आणि ती ऑफिसात एकटीच लाल झाली. मत्सर हा प्रकार तिला नवा नव्हता. लहानपणापासून तो तिच्या ओळखीचा होता. वडील दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरच्या जाहिराती रंगवायचे. शिडीवर चढून, दोरीनं सरळ रेघा मारून, माणसाएवढी अक्षरं. तिला ती शिडी चढायची होती, पण ते भावाला वर घेत आणि तिला खाली डबे धरायला उभं करत. भावाला त्यात रस नव्हता. तो वर जाऊन पतंग बघायचा. मग लग्न झालं, आणि वडिलांनी जावयाला मात्र पहिल्याच भेटीत पडवीत बसवून अक्षरं कशी बसवायची ते समजावलं. कुठल्या शब्दाला श्वास द्यायचा, कुठं जागा सोडायची. "लांबून बघणाऱ्याला जागाच आधी दिसते, अक्षर मागून," ते म्हणायचे. आणि हा डोळे मोठे करून ऐकायचा. ह्याचे वडील हा लहान असतानाच गेलेले. आतून चहा घेऊन येताना ती दारात थांबायची. दोघांचं बोलणं रंगलेलं असायचं, आणि तिला बघून दोघंही हसायचे, प्रेमानंच, पण गप्प व्हायचे. तेव्हा नेमका कुणाचा हेवा वाटतो, वडिलांचा की नवऱ्याचा, हे तिला कधी सांगता आलं नाही. दोघंही तिचेच होते आणि तिच्याशिवाय त्यांचं छान चाललं होतं.

रविवारी तो जेवणाच्या टेबलापाशी काही कागद घेऊन आला. "जरा वाचून देतेस? तुझ्याच खात्यातलं आहे." गादीवाल्यांना ती जाहिरात फळली होती. आता त्यांना रेडिओवर रोजचा संध्याकाळचा कार्यक्रम प्रायोजित करायचा होता. कार्यक्रम रेडिओवाल्यांचा, खर्च गादीवाल्यांचा, नावात गादीचं नाव. लोकांनी फोन करून दिवस कसा गेला ते सांगायचं आणि ह्यानं त्या आवाजात त्यांच्याशी बोलायचं. "मध्येमध्ये जाहिरात नाही," तो म्हणाला. "मी बोलतो तीच जाहिरात." शिवाय तो आवाज काही वर्षं फक्त त्यांचाच राहील असा परवाना हवा होता. तिनं चष्मा लावला. असले करार ती झोपेतही वाचू शकली असती, पण ह्यातल्या एका ओळीवर तिचं बोट थांबलं. आवाजाचं वर्णन केलं होतं: खालच्या पट्टीतला, जवळच्या माणसाशी बोलल्यासारखा. तो दुसऱ्या कुठल्याही मालासाठी वापरायचा नाही.

"घरी वापरला तर चालेल का?" तिनं विचारलं.

तो हसला. "घर म्हणजे माल थोडाच आहे?"

"तसं लिहून घे मग."

त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. "काय झालं?"

"ते वाक्य कुणी लिहिलं? आलीस, बस."

"मीच सुचवलं. त्यांचं वाक्य फार लांबलचक होतं."

"कुठून सुचलं?"

तो पाणी प्यायला. गरम नव्हतं, तरी फुंकर घालून प्यायला. "सुचलं असंच," तो म्हणाला.

असंच. भांडायची तयारी करून बसलेल्या माणसासमोरून भांडणच उचलून न्यावं तसं तिला झालं. त्याला आठवतच नव्हतं. तिचं आयुष्य ज्या वाक्यावर टेकलेलं होतं ते त्याला रस्त्यात सापडल्यासारखं सापडलं होतं. चोरलं असतं तरी चाललं असतं. चोराला निदान वस्तू कुणाची ते माहीत असतं. ती कागद खाली ठेवून म्हणाली, "करारात मला काही वावगं दिसत नाही. पण रेकॉर्डिंग कधी आहे? मला यायचंय." तो गोंधळला. लग्नानंतर ती कधी स्टुडिओत गेली नव्हती. "ये की," तो म्हणाला, पण ये म्हणताना त्याचा हात मानेवरून फिरला.

स्टुडिओ एका इमारतीच्या तळघरात होता. भिंतींना गोणपाटासारखं कापड, खाली जाड सतरंजी, बाहेरचं जग बूट काढल्यासारखं दाराशीच राहिलेलं. गादीवाल्यांचा माणूस, तरुण, नम्र, सारखा फोन बघणारा, तिला खुर्ची देत म्हणाला, "वहिनी, तुम्ही भाग्यवान आहात हं. आमच्या ऑफिसातल्या सगळ्याजणी म्हणतात, ह्यांच्या घरी कोण असेल." ती काचेच्या अगदी समोर बसली. मुद्दामच. कार्यक्रमाच्या सुरुवातीचं वाक्य तेच होतं. नवऱ्यानं हेडफोन चढवला, रेकॉर्डिस्टनं बोट वर केलं. "आलीस? बस. आधी काही बोलू नकोस." रेकॉर्डिस्टनं नकारार्थी मान हलवली. पुन्हा. हा आवाज कुठला होता? सिमेंटचा? औषधाचा? नवरा खाकरला, पाणी प्यायला, डोळे मिटले, उघडले. उघडले की समोर तीच. तिसऱ्यांदा तो 'बस'पाशीच अडकला. तिला त्याची दया आली नाही. तिला वाटत होतं, बघूया, माझ्यासमोर म्हणून दाखव. आणि त्याच वेळी, तितक्याच जोरानं, वाटत होतं की जमावं त्याला, एकदा तरी जमावं, मी समोर असताना. बरेच प्रयत्न झाल्यावर रेकॉर्डिस्ट खुर्ची तिच्याकडं वळवून संकोचून म्हणाला, "वहिनी, राग मानू नका. तुम्ही जरा बाहेर बसता का?" ती उठली. गादीवाल्यांचा माणूस फोनमध्ये तोंड घालून बसला. बाहेरच्या अरुंद बाकावर बसल्यावर तिला दारावरचा लाल दिवा लागलेला दिसला. आत तो कुणाशी तरी बोलत होता. तिच्याशिवाय जगातल्या कुणाशीही. दिवा विझायची वाट न बघता ती जिना चढून निघून आली.

घरी सासूबाई खिडकीशी मटार सोलत बसल्या होत्या. ती इतक्या लवकर आलेली बघून त्यांनी टीव्ही बंद केला, म्हणजे बोलायची तयारी दाखवली. ती त्यांच्यासमोर बसली आणि शेंगा सोलू लागली. चारदोन शेंगांत तिचा बांध फुटला. त्यांना ऐकू जावं म्हणून तिला मोठ्यानं बोलावं लागत होतं, त्यामुळं ते सगळं भांडल्यासारखंच निघालं. "तुमच्या मुलाला माझ्यासमोर बोलताच येत नाही, आई! बाहेर सगळ्यांशी गोड. बाबा गेले तेव्हा माझ्याशी जे बोलला तेच आता गाद्या विकायला वापरतो. आणि वर म्हणतो, सुचलं असंच!"

"कुठलं?" सासूबाईंनी कानामागं हात धरला.

"आलीस! बस! आधी काही बोलू नकोस!" ती जवळजवळ ओरडली.

"ते होय," सासूबाई म्हणाल्या. "ते असंच कुठलं? चांगली दुपारभर तालीम केली त्यानं. तुझा भाऊ तुला घेऊन येणार होता ना, त्या दिवशी. हा गावाहून आला तो दाराच्या आतल्या अंगाला उभा. जेवला नाही, कपडे बदलले नाहीत. कडीला हात लावून दाराशीच बोलतोय. मला तेव्हा बरं ऐकू यायचं. एकदा असं म्हण, एकदा तसं म्हण. मला वाटलं, मेल्याला आजही रेकॉर्डिंग सुचतंय. रागावलेसुद्धा मी." त्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. "मग बघितलं तर रडत होता."

तिचे हात थांबले. तिला आधी काय वाटलं, तर पुन्हा मत्सरच. म्हणजे ते वाक्य ती यायच्या आधीच वापरलेलं होतं. ह्या म्हातारीनं तिच्याआधी ते कितीदा ऐकलं होतं, आणि जी वाक्यं त्यानं टाकून दिली तीही ऐकली होती, जी तिला कधीच मिळाली नाहीत. ती त्या बंद दाराबाहेर असलेल्या स्वतःकडं बघत राहिली. भावाच्या गाडीतून उतरणारी, जिना चढणारी, ओठांवर एक गोष्ट घेऊन येणारी. आणि दाराच्या आत तो. तो बाहेरगावी रेकॉर्डिंगला गेला होता. फोन गेला तसा निघाला, पण पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. भावानं त्याला सांगितलं होतं, आता इकडं येऊ नका, तिला मीच आणतो. ह्यापलीकडं तिनं त्या दिवसाचा विचार कधी केला नव्हता. आठवणीत हॉस्पिटलच्या त्या खोलीपाशी आली की ती परत फिरायची आणि ते वाक्य पांघरायची.

तो उजेड असतानाच परतला. दारातच म्हणाला, "जमलं नाही. तू गेलीस तरी जमलं नाही. उद्या पुन्हा बोलावलंय." आणि खुर्चीत बसून बुटांची नाडी सोडायची विसरला. सासूबाई मटार घेऊन स्वयंपाकघरात गेल्या, आणि जाताना त्यांनी दार ओढून घेतलं. त्यांनी ते दार ओढलेलं तिनं ह्याआधी पाहिलं नव्हतं.

"आईंनी सांगितलं," ती म्हणाली. "दुपारभर दाराशी उभा होतास म्हणून."

त्याचे कान लाल झाले. "आईपण ना."

"मग असंच सुचलं असं का म्हणालास?"

"काय म्हणू? तालीम केली होती म्हणू?"

"दुसरं काय काय म्हणून बघितलंस?"

"कशाला आता?"

"मला हवंय."

त्यानं वाकून बुटांची नाडी सोडायला घेतली. मग धंद्याचा कुठलाच आवाज न लावता, वाचून दाखवल्यासारखा म्हणू लागला. "'वाईट झालं.' हे पहिलं. मग 'रडून घे'. ते नाटकी वाटलं. 'तू होतीस ना त्यांच्याजवळ, तेच खूप झालं.' हे मला म्हणता येईना, कारण मी नव्हतो. मग एक होतं… 'मलाही ते हवे होते.' पण ते म्हणताना दर वेळी आवाज फाटायचा. म्हटलं, बाप तिचा गेलाय आणि मी काय गळा काढतोय. मग ज्यात फाटत नव्हता ते ठेवलं."

"आधी काही बोलू नकोस."

"हं. तू आल्याआल्या म्हणशील, तू नव्हतास. एवढं एक ऐकायची माझी तयारी नव्हती. म्हणून तू तोंड उघडायच्या आत…" त्यानं हाताची घडी घातली, सोडली. "आज तू समोर बसलीस तर मला तीच तू दिसायला लागलीस. आता म्हणशील, आता म्हणशील."

खोलीत ऊन तिरपं आलं होतं आणि त्याच्या बुटांवर पडलं होतं. तिला वाटलं, इतकी वर्षं आपण ज्याला पांघरूण समजत होतो ते त्यानं स्वतःच्या अंगावर ओढून घेतलं होतं. आपण नुसत्या टोकाशी होतो. पूर्वी ह्या विचारानं ती पेटून उठली असती. आत्ताही कुठंतरी काहीतरी बारीक जळालं. "सही करून टाक," ती म्हणाली. "ते वाक्य देऊन टाक त्यांना. उद्या मी येत नाही. नीट म्हणशील." मग, ज्या गोष्टीचं नाव त्यानं इतकी वर्षं काढलं नव्हतं, ती त्यानं खाली बघतच विचारली. "शेवटी काही म्हणाले का ते?"

हो म्हणणं सोपं नव्हतं. ते तिच्याकडचं शेवटचं होतं. त्या दिवशी जिना चढताना हेच तिच्या ओठांवर होतं, आणि त्यानं बोलू नकोस म्हटल्यावर ते राहून गेलं, आणि राहून गेलं म्हणून तिला बरं वाटलं होतं. ती वडिलांचा हात धरून बसली होती. भाऊ पायाशी. वडील डोळे उघडून दाराकडं बघत होते आणि विचारत होते. ती म्हणाली होती, मी आहे ना बाबा, आणि त्यांनी तिच्याकडं मायेनं बघितलं होतं, आणि पुन्हा तेच विचारलं होतं.

"तुला विचारत होते," ती म्हणाली. "'तो आला का?' एवढंच. दोनतीनदा."

जावयाला कुणी 'तो' म्हणत नाही. तिचे वडील म्हणत. तिला वाटलं, आता तो विचारेल, इतकी वर्षं का नाही सांगितलंस. तो तिच्याकडं बघत होता, पण डोळ्यांनी नाही, कानांनी बघितल्यासारखा. "कसं म्हणाले?" त्यानं विचारलं.

"कसं म्हणजे?"

"म्हणजे रागावून? घाईनं? आवाज कसा होता?"

तिला दुसऱ्यांचे आवाज काढता येत नसत. तरी ती म्हणाली, "तो आला का?" तो तिचाच आवाज होता, तक्रारीचा, दारात चहा घेऊन थांबलेल्या बाईचा. त्यानं हळूच मान हलवली. "असं नसतील म्हणाले."

"नाही. असं नाही म्हणाले."

तिनं डोळे मिटले. ज्या खोलीपासून ती दर वेळी परत फिरायची तिच्यात ती आत गेली. नाकावरची नळी, कोरडे ओठ, बोलण्याआधी घेतलेला तो एक तोकडा श्वास. त्यात राग नव्हता. शिडीवर उभं राहून, खाली न बघता, हात मागं करून ते रंग मागायचे, तसा तो आवाज होता; मिळणारच आहे अशा खात्रीचा. तिनं तेवढाच श्वास घेतला.

"तो आला का?"

"आलो," तो म्हणाला. आवाज मधोमध फाटला होता आणि त्यानं तो सावरला नाही.

तो तिच्याशी बोलत नव्हता, हे तिला कळत होतं. ती हलली नाही. बाबांच्या जागी बसून राहिली.